संकटग्रस्त मासे हौशी मंडळांनी घरच्या टाकीत सांभाळण्याला खरोखर काही अर्थ आहे का?

मुळाकाठ (पुणे)

नमस्कार मंडळी. पुण्यात आम्ही अकरा जण गेली सहा वर्षे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणा एकाच्या घरी जमतो, एकमेकांच्या टाक्या पाहतो, जास्तीची पिल्ले आणि पाणवनस्पती वाटून घेतो. याला मंडळ म्हणावे इतकी शिस्त आमच्यात अजून आलेली नाही, पण टाक्या मोजल्या तर सगळ्यांच्या मिळून सत्तरच्या वर भरतात.

मागच्या बैठकीत एका सभासदाने मेक्सिकोतल्या तेकिला स्प्लिटफिन या माशाची हकिकत सांगितली. हा मासा नदीतून नाहीसा झाला होता, परंतु युरोपातल्या हौशी लोकांच्या टाक्यांत तो टिकून राहिला आणि पुढे त्याच वंशातले मासे नदीत परत सोडले गेले, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हापासून आमच्यातल्या काहींच्या मनाने असे घेतले आहे की, आपल्या सह्याद्रीतल्या मर्यादित क्षेत्रात राहणाऱ्या माशांसाठी आपणही काही करावे. उदाहरणादाखल दोन नावे पुढे आली. एक म्हणजे गोवा आणि कर्नाटकातला पेथिया सेतनाय, ज्याला बाजारात नारायण बार्ब म्हणतात (बार्ब म्हणजे कार्पच्या कुळातले लहान मासे). आणि दुसरा २०१६ मध्ये नव्याने वर्णन झालेला पेथिया संजयमोलुरी, जो भीमेच्या खोऱ्यात, पवना आणि नीरेच्या पाण्यात, म्हणजे अगदी आमच्या दारात सापडतो.

दोघा सभासदांचा मात्र याला विरोध आहे. छंदाला समाजसेवेचा टिळा लावण्याचा हा प्रकार आहे, असे ते म्हणतात. म्हणून जाणकारांना विचारतो: घरच्या टाक्यांत असे मासे वाढवण्याचा त्या जातीला खरोखर उपयोग होतो का, होत असेल तर कोणत्या अटींवर, आणि पिल्ले पुरेशी झाल्यावर ती नदीत सोडावीत का? या मंचावरच्या इंग्लंडातील सभासदांपैकी कोणी मेक्सिकोचे मासे पाळत असल्यास त्यांनी अवश्य लिहावे. ते मासे पुण्यात आणता येतील का, हेही एकाने विचारायला सांगितले आहे.

गार पाणी (लेस्टर)

मुळाकाठ, आपल्या सभासदाने सांगितलेली हकिकत खरी आहे, पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो आणि तो नेमका आपल्यासारख्या हौशी लोकांना गोड वाटणारा अर्धा भाग असतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तेकिला स्प्लिटफिन, म्हणजे झूगोनेटिकस तेकिला, हा मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात तेकिला ज्वालामुखीच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या तेउचित्लान नदीतला मासा आहे. बोटभर लांबीचा, नराच्या शेपटीच्या कडेला नारिंगी चंद्रकोर असलेला. त्याचे शास्त्रीय वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये एका झऱ्याच्या लहानशा डबक्यात पन्नासपेक्षाही कमी प्रौढ मासे शिल्लक असल्याचे आढळले आणि २००३ च्या सुमारास तो निसर्गातून संपला असेच धरले गेले. मात्र १९९८ मध्येच इव्हान डिबल या इंग्रज हौशी पालकाने चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या पाच जोड्या मोरेलिया येथील मिचोआकाना विद्यापीठात पोहोचवल्या होत्या.

इथून पुढचा भाग बैठकीत सांगायचा राहून जातो. त्या पाच जोड्यांपासून विद्यापीठाने सुमारे पंधरा वर्षे वंश वाढवला. २०१२ मध्ये चाळीस नर आणि चाळीस माद्या बाहेरच्या तळ्यांत सोडल्या, कारण काचेच्या टाकीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशाला शत्रू म्हणजे काय आणि बदलते अन्न म्हणजे काय हेच ठाऊक नसते. चार वर्षांत त्या तळ्यांत अंदाजे दहा हजार मासे झाले. दरम्यान नदीच्या पाण्याचा, तिथल्या परजीवींचा आणि बाहेरून येऊन बसलेल्या परक्या माशांचा अभ्यास झाला, गावातल्या शाळांमधून मुलांना या माशाची ओळख करून दिली गेली, आणि त्यानंतर २०१७ मध्ये दीड हजारांहून अधिक मासे नदीच्या उगमाकडच्या भागात सोडले गेले. २०२१ च्या अखेरीस तिथली संख्या ५५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच नदीतला सोनेरी स्किफिया, जो निसर्गातून नाहीसा झाला होता आणि केवळ टाक्यांमध्ये उरला होता, तोही नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे बाराशेच्या संख्येने परत सोडण्यात आला. हौशी लोकांनी बीज जपले हे निर्विवाद आहे. पेरणी मात्र दुसऱ्यांनी केली.

मी स्वतः गेली चौदा वर्षे याच कुळातले, म्हणजे गुडीड कुळातले मासे पाळतो. पिल्ले घालणारे असले तरी हे गप्पीसारखे नाहीत. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला पांढुरक्या दोऱ्यांसारख्या पट्ट्या लोंबत असतात. आईच्या पोटात असताना त्या पट्ट्यांवाटे पिल्लाला पोषण मिळालेले असते, आणि एकदोन दिवसांत त्या गळून जातात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा पिल्लांना बुरशी लागली असे समजून मी टाकीत औषध घालायला निघालो होतो. गप्पीची मादी एका मीलनावर काही महिने पिल्ले देत राहते, पण गुडीडच्या मादीला प्रत्येक विणीसाठी नर लागतो. त्यामुळे सुट्टीवरून परतल्यावर एकुलता नर मेलेला दिसला, तर ती ओळ, म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेल्या माशांचा तो वंश, तिथेच थांबते. इकडच्या मंडळांत म्हणूनच एक रीत आहे: कोणतीही दुर्मीळ ओळ किमान तीन घरी असली पाहिजे, आणि ती घरे शक्यतो वेगवेगळ्या गावांत.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. माझ्याकडे लाल शेपटीच्या गुडीडच्या, झेनोटोका आयसेनायच्या, दोन ठिकाणांहून आलेल्या दोन ओळी होत्या. २०१३ मध्ये घर बदलताना बादल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या ओल्या होऊन सुटल्या. जात एकच आहे, मग काय बिघडते, असे म्हणून मी दोन्ही ओळी एकाच टाकीत घातल्या. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की ज्याला आपण एकच जात समजत होतो त्यात निराळ्या जाती दडलेल्या आहेत, आणि झेनोटोका दोआद्रिओय व झेनोटोका लायन्सी ही दोन नवी नावे आली. ज्यांनी ठिकाणाची चिठ्ठी जपली होती त्यांच्या टाकीत त्या दिवशी एक दुर्मीळ जात निघाली. माझ्या टाकीत अठ्ठावीस अतिशय निरोगी मासे निघाले, ज्यांना कोणतेच नाव देता येत नव्हते. ते मी शेजाऱ्यांना शोभेसाठी देऊन टाकले.

मेक्सिकोचे मासे पुण्यात आणण्याविषयी: कृपया तो विचार सोडून द्यावा. परवानगीशिवाय परदेशी मासे आणणे बेकायदेशीर आहे हे तर झालेच, शिवाय यांतले बरेच मासे थंड, वाहत्या झऱ्यांचे आहेत. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आपण त्यांच्यासाठी पाणी थंड करण्याचे यंत्र चालवत बसाल.

काळे पाटीखडू (कोल्हापूर)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असे. वरचे उत्तर उत्तम आहे. मी केवळ तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे नदीत सोडण्यावर, आणि थोडेसे आकड्यांवर लिहितो.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. टॉर खुद्री हा महसीर १८३९ मध्ये सायक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून वर्णिला. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन चालत आले आहे. त्या काळी हा मासा घटत चालला होता आणि हेतूत खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. परंतु तिथली बोटुकली कावेरीसह दूरच्या नद्यांतही गेली. कावेरीत आधीपासून एक वेगळाच महसीर होता, कुबड असलेला, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा. गळाने मासे पकडून सोडून देणाऱ्या शिकाऱ्यांनी ठेवलेल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांत बाहेरून आलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे टॉर खुद्रीच, वाढत गेलेला आणि मूळचा कुबडधारी जवळजवळ दिसेनासा झालेला आढळला. त्या मूळ माशाचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी आहे, हे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याची नोंद थेट अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याच वर्षी टॉर खुद्री मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. एका माशाला वाचवण्याच्या प्रयत्नात दुसरा मासा धोक्यात आला, आणि तोही आपण ओळखण्यापूर्वी. म्हणून पिल्ले पुरेशी झाली की नदीत सोडू, हे वाक्य आपल्या मंडळाच्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका. टाकीतले रोगही माशाबरोबर नदीत जातात, ही आणखी एक गोष्ट.

आता आकडे. वीस मासे आहेत म्हणून वंशाच्या दृष्टीने ते वीस असतात असे नाही. समजा अठरा माद्या आणि दोनच नर आहेत. तर वंशशास्त्रातल्या सूत्राप्रमाणे चार गुणिले दोन नर गुणिले अठरा माद्या, भागिले एकूण वीस, असे करून ७.२ हा आकडा येतो. म्हणजे तुमची वीस माशांची टाकी वंशवैविध्याच्या बाबतीत जेमतेम सात माशांसारखी वागते, आणि एक भागिले या आकड्याची दुप्पट, या हिशेबाने दर पिढीला सुमारे सात टक्के वैविध्य गळते. पाच नर आणि पाच माद्या असतील तर दर पिढीला पाच टक्के जाते, आणि संख्या तेवढीच ठेवली तर वीस पिढ्यांनंतर मूळच्या वैविध्यापैकी सुमारे ३६ टक्केच हाती उरते. तेकिला माशाची सुरुवात पाच जोड्यांनी झाली हे ऐकून अनेकांना धीर येतो. पण पाच जोड्यांनी सुरुवात करून पहिल्या काही पिढ्यांतच संख्या शेकड्यांवर नेणे वेगळे, आणि दिवाणखान्यातल्या टाकीत वर्षानुवर्षे पाच जोड्याच ठेवणे वेगळे. लहान जागेत हा हिशेब कोणालाही चुकलेला नाही.

परवानगीचेही आधी पाहा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाला विचारल्याशिवाय ओंजळभर मासेही उचलायचे नाहीत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची हातात घेऊन जातीचे नाव तपासल्याखेरीज पुढे जाऊ नका. काही मासे तर जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, शिस्टुरा हिरण्यकेशी ही लोचची, म्हणजे तळाशी राहणाऱ्या लहान माशाची, जात २०२० मध्ये वर्णिली गेली, आणि २०२१ मध्ये ती जागा शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. तिथे त्या माशाला टाकीची गरज नाही. कुंडात साबण आणि निर्माल्य पडू नये एवढीच त्याची गरज आहे.

मुळाकाठ (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. महसीरची बाजू आम्हांपैकी एकालाही ठाऊक नव्हती, आणि ज्या नदीकाठी आम्ही राहतो तिथल्या माशाची ती गोष्ट आहे हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण आता एक सरळ शंका येते. नदीत सोडायचे नाही, लहान संख्येत वंश क्षीण होतो, काही मासे तर जागेवरून हलवायचेच नाहीत. मग आमच्यासारख्या अकरा जणांच्या गटाने नेमके करायचे तरी काय? विरोध करणाऱ्या त्या दोघांचेच बरोबर होते, असे समजायचे का?

जुना स्पंज फिल्टर (मुंबई)

त्या दोघांचे अर्धे बरोबर आहे. चाळीस वर्षे मासे पाळतो आहे आणि तीन मंडळे उभी राहून विस्कटताना पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत लाल शेपटीचा काळा शार्क कधीही मिळतो. नावात शार्क असला तरी तो कार्पच्या कुळातला, थायलंडच्या चाओ फ्राया खोऱ्यातला लहान मासा. निसर्गात तो संपला असे बराच काळ मानले जात होते. २०११ मध्ये पुन्हा थोडे मिळाले आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. शेततळ्यांत संप्रेरकाची सुई टोचून त्याची पैदास प्रचंड प्रमाणात होते, पण कोणत्या नदीतले, कोणाचे कोण, याची नोंद कुणाकडे नाही. हे सगळे मासे विकायला उत्तम आहेत, परंतु उद्या चाओ फ्रायात परत सोडायला त्यांतले कोणते निवडावेत हे कोणीही सांगू शकणार नाही. आपल्या मंडळाने या प्रकारचे काम करायचे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बरीच वाट कळेल. मंडळाने वही ठेवायची असते. मासे त्या वहीमुळे मौल्यवान होतात.

आमच्या एका मंडळात सगळ्यांत सुंदर टाक्या होत्या आणि सगळ्यांत रिकामी वही होती. मंडळाचे मुख्य सभासद परगावी गेले, तेव्हा त्यांच्या एकोणीस टाक्या दोन दिवसांत वाटून झाल्या, आणि महिन्याभरात कोणती ओळ कोणाकडे गेली हे कुणालाच सांगता येईना. मासे मेले नाहीत. सगळे मासे जिवंत होते, आणि तरी सगळे गेले.

प्रत्यक्षात कसे करावे ते सांगतो. संकटग्रस्त जातीने सुरुवात करू नका. साधा, विपुल असलेला पेथिया टिक्टो हा बार्ब घ्या, तोही संरक्षित क्षेत्राबाहेरच्या एकाच ओढ्यातला, आणि तीन घरांत ठेवा. बार्ब अंडी विखरून टाकतात आणि पाठ फिरवली की स्वतःच खातात, म्हणून वीण घ्यायच्या टाकीत तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर घाला, म्हणजे अंडी फटींत पडतील, आणि सकाळी मासे उचलून घ्या. साधारण दिवसभरात पिल्ले फुटतात. ती इतकी बारीक असतात की आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव, ज्याची पिल्ले माशांना खाऊ घालतात) त्यांच्या तोंडात मावत नाही. केळीची साल कुजवलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव पहिले काही दिवस द्यावे लागतात. इथपर्यंत सगळ्यांना जमते आणि आवडतेही.

पुढचे काम कंटाळवाणे आहे. पुढच्या पिढीसाठी मासे निवडताना सगळ्यांत रंगीत नर उचलायचा मोह टाळा. प्रत्येक मादीची सारखीच पिल्ले ठेवा आणि ती डोळे मिटून जाळी फिरवून काढा, कारण आपल्याला शोभेचा मासा घडवायचा नसून ओढ्यातला मासा ओढ्यातल्यासारखाच ठेवायचा आहे. दर वर्षी तीन घरांत काही माशांची अदलाबदल करा आणि तिची तारीख लिहा. मेलेला मासाही लिहा. लोक जन्म लिहितात आणि मृत्यू विसरतात, आणि मग वहीतले मासे टाकीतल्या माशांपेक्षा जास्त होत जातात. वीज गेली तर हवेचा पंप कशावर चालणार, सभासद आजारी पडला तर चावी कोणाकडे, हेही वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

दोन वर्षांनी ती वही घेऊन एखाद्या विद्यापीठाकडे किंवा संशोधन संस्थेकडे जा आणि विचारा की आमच्याकडे इतक्या टाक्या आणि इतकी नोंद आहे, तुम्हांला कोणत्या जातीसाठी हात हवे आहेत. संकटग्रस्त मासा त्यांनी, रीतसर परवानगीने, तुमच्या हाती द्यावा; तुम्ही ओढ्यावर जाऊन उचलून आणू नये. मेक्सिकोतही हौशी लोकांजवळ मासा होता आणि विद्यापीठाजवळ नदी होती, असेच नाही का झाले? आणि दोन वर्षांत वही बंद पडली, तर त्या दोघा सभासदांना चहा पाजा आणि गप्पी पाळा. त्यातही कमीपणा काही नाही.

गार पाणी (लेस्टर)

यात एकच भर घालतो. वहीतली माहिती टाकीवरही हवी, आणि ती पेन्सिलने लिहावी. शाई ओघळते, पेन्सिल ओघळत नाही. हे शहाणपण मला अठ्ठावीस माशांना पडले.

मुळाकाठ (पुणे)

काल बैठक झाली. अकरापैकी सहा जण तयार झाले, त्यांत विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक आहेत, आणि वही त्यांच्याकडेच सोपवली आहे, कारण ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि खाडाखोड खपवून घेत नाहीत. पेथिया टिक्टोपासून सुरुवात करतो आहोत. रकाने आखताना एक अडचण आली. ज्या ओढ्यावर आम्ही पाहणी केली त्यावर एक जुना सिमेंटचा बंधारा आहे आणि मासे त्याच्या वरही आहेत, खालीही आहेत. दोन्हींची मिळून एकच ओळ धरावी की दोन?

काळे पाटीखडू (कोल्हापूर)

दोन धरा. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी वाहते तेव्हा वरचे मासे खाली येत असतील, पण खालचे वर चढत असतील असे गृहीत धरता येत नाही. वहीत ओढ्याच्या नावापुढे बंधाऱ्याचे नाव, त्याच्या वरचा की खालचा भाग, आणि मासे उचलले ती तारीख, असे तीन रकाने ठेवा. बंधारा कोणत्या वर्षी बांधला हे ग्रामपंचायतीत विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, तर पुढे कोणाला तरी ते लागेल.